तीन पायऱ्या आणि संशयित माती

आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक सहा इंचांची, म्हणजे सगळी मिळून उंची दीड फूट. कोणत्याही नकाशात या उंचीची डोंगर म्हणून नोंद नाही. पण खुब्याचं हाड मोडून बाबा चाकांच्या खुर्चीत बसले आणि त्या दिवसापासून आमच्यापुरता तिला डोंगराचा दर्जा मिळाला.

बाबा शिंपी. आयुष्यभर लोकांची मापं घेतली आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत जाताना पाहिलं. आता एकच मित्र उरला आहे, घड्याळं दुरुस्त करणारा. बाबा त्याला टिकटिक्या म्हणतात. टिकटिक्याला अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. त्याचे गुडघे गेलेत, त्यामुळे आमच्या पायऱ्या चढून त्याला वर येता येत नाही. दोघं रोज संध्याकाळी पाच वाजता कोपऱ्यावरच्या बाकावर बसायचे. बाक घरापासून दोनशे पावलांवर. बाबांच्या खिडकीतून तो स्वच्छ दिसतो.

अपघातानंतरही टिकटिक्या पाचच्या ठोक्याला बाकावर यायचा, आमच्या खिडकीकडे बघून वर्तमानपत्र हलवायचा आणि बाबा इकडून मापाची टेप हलवायचे. एवढं झालं की दोघं आपापल्या जागी तासभर गप्प बसायचे.  बाबांना पुन्हा त्या बाकावर नेऊन बसवायचं, असं मी ठरवलं. पायऱ्यांच्या शेजारी एक उतार बांधायचा, बस्स.

गवंडी मिस्त्रींनी जागा पाहिली. मागच्या अंगणात पावसाचं पाणी मुरवायला खड्डा घ्यायचा आमचा विचार होताच. मिस्त्री म्हणाले, खड्ड्यातून निघेल ती माती पुढे उताराच्या भरावाला टाकू, धुमसाने ठोकू, वर सिमेंटचा थर देऊ. दोन दिवसांचं काम. बाबांनी त्याच संध्याकाळी खिडकीतून टेपबरोबर दोन बोटंही दाखवली. टिकटिक्याला ती कळली असावीत, कारण त्यानेही दोन बोटं दाखवली.

सोमवारी खड्डा झाला. संध्याकाळी पायऱ्यांपाशी मातीचा छान ढीग उभा राहिला. मंगळवारी सकाळी फाटकावर 'उत्खनित पदार्थ शुद्धता निर्धारण कक्षा'ची नोटीस चिकटवलेली होती. तिच्यात लिहिलं होतं की माती जमिनीत असते तोवर ती जमीन असते. जमिनीतून बाहेर पडताच ती संशयित होते. सबब शुद्धता सिद्ध होईपर्यंत सदर माती वापरू नये, पुन्हा खड्ड्यात टाकू नये, अन्यत्र हलवू नये आणि आहे तिथे ठेवू नये.

मी कक्षात फोन करून विचारलं की मग तिचं करायचं तरी काय. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की त्याच प्रश्नासाठी अर्जाचा नमुना क्रमांक चार असतो.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. चूक दिसली की माझा हात थांबत नाही. त्या नोटिशीत मला शुद्धलेखनाच्या सात चुका सापडल्या, त्यातल्या दोन 'शुद्धता' या शब्दातच. मी लाल शाईने त्या दुरुस्त केल्या आणि नोटीस कक्षाला परत पाठवली. कक्षाने माझे आभार मानले, सुधारित नोटीस नव्या क्रमांकाने काढली आणि आमचं प्रकरण त्या तारखेपासून सुरू झाल्याचं धरलं. बारा दिवस गेले. पण नोटीस निर्दोष होती.

मग निरीक्षक आले. सडपातळ, मध्यम वयाचे, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी फाटकापाशी बूट काढले, पायांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि मगच ते ढिगाजवळ गेले. मला वाटलं, माती पायाला लागू नये म्हणून असेल. ते म्हणाले, तसं नाही, बाहेरची घाण मातीला लागू नये म्हणून. मला माणूस आवडला.

त्यांच्याकडे 'मातीचा पूर्वेतिहास' नावाचा आठ पानी फॉर्म होता. सदर माती या पत्त्यावर कधीपासून वास्तव्यास आहे? त्यापूर्वी कुठे होती? इथे येण्याचं कारण काय? तिचा कोणत्या पदार्थांशी संबंध आला? बाबा दारात खुर्चीवर बसून उत्तरं देत होते. घर बांधलं त्याला पस्तीस वर्षं झाली, तेव्हा ती इथेच होती, असं त्यांनी सांगितलं. त्याआधीची माहिती बाबांना नव्हती. निरीक्षकांनी 'मूळ अज्ञात' असं लिहिलं आणि त्याखाली हलक्या हाताने एक रेघ मारली.

वर्तणुकीच्या दाखल्यासाठी दोन शेजाऱ्यांची साक्ष लागत होती. उजवीकडच्या प्राध्यापकांनी माती सालस असल्याचं लिहून दिलं. डावीकडच्या काकूंचा स्वभाव सरळ. त्यांनी सांगितलं की माती तशी चांगलीच आहे, पण पावसाळ्यात आमच्या बुटांना लागून त्यांच्या जिन्यापर्यंत येते. निरीक्षकांनी ते जसंच्या तसं नोंदवलं, 'सदर माती परवानगीशिवाय शेजारी जात-येत असे.' ढिगावर ताडपत्री आली आणि ताडपत्रीवर पाटी लागली, 'संशयित. स्पर्श करू नये.' दोन हातांवर गुलाबाचं आळं होतं, त्यातली माती तीच. पण ती जमिनीत होती, म्हणून तिच्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

आता नमुना. नियमाप्रमाणे नमुना 'मूळ स्थितीतील' मातीचा हवा. ढिगातली माती मूळ स्थितीत नव्हती, कारण ती खणलेली होती. ती मूळ स्थितीत आणायची तर खड्ड्यात परत टाकायला हवी, आणि त्यासाठी शुद्धतेचा दाखला हवा. निरीक्षक बराच वेळ विचार करत उभे राहिले. मग ते शिडीने खड्ड्यात उतरले आणि त्यांनी खड्ड्याच्या भिंतीतून, म्हणजे अजून न खणलेल्या मातीतून, नमुना खणून घेतला. नमुन्यापुरती घेऊन उरलेली माती नियमाने उत्खनित ठरत होती, ती त्यांनी ढिगावर टाकली. अशा त्यांच्या पाच भेटी झाल्या. प्रत्येक भेटीनंतर खड्डा थोडा रुंद व्हायचा आणि ढीग थोडा उंच. मिस्त्री अधूनमधून येऊन बघून जायचे आणि दोन दिवसांचं काम आता अडीच दिवसांचं झालंय म्हणायचे.

पहिला अहवाल महिन्याने आला. त्यात लिहिलं होतं, 'नमुना पूर्णपणे शुद्ध आढळला. तथापि नमुन्यात माती आढळली नाही.' सोबत तीन खडे होते, लहानशा पाकिटात, शुद्धतेच्या शिक्क्यानिशी.

मी तडक प्रयोगशाळेत गेलो. पांढरीशुभ्र खोली, पांढरे कोट, मधोमध काचेच्या पेटीत एक यंत्र. यंत्र फार नाजूक होतं आणि त्यात घाण गेलेली त्याला चालत नव्हती. म्हणून आलेला प्रत्येक नमुना आधी तीन पाण्यांनी धुऊन घेण्याची तिथे पद्धत होती. प्रयोगशाळेच्या बाईंनी मला ती पद्धत मोठ्या अभिमानाने दाखवली. नमुना चाळणीत, चाळणी नळाखाली, माती मोरीत, उरेल ते यंत्रात.

मी म्हटलं, "अहो, पण माती तर वाहून जाते."

"जाते ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आमच्याकडचा एकही नमुना आजवर नापास झालेला नाही."

"मग दाखला का मिळत नाही?"

"दाखला मातीचा मागताय तुम्ही. आम्ही खड्यांचा देऊ शकतो. तुमचे तीन खडे तुम्ही हवे तिथे वापरा."

बाबांनी ते तीन खडे खिडकीच्या चौकटीवर ओळीने मांडून ठेवले. आपल्या मालकीची एवढीच जमीन आज निर्दोष आहे, असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

मी अपील केलं. माझं अपील अकरा पानांचं होतं आणि, आपल्या तोंडाने सांगू नये, पण फर्डं होतं. त्यात मी पर्यायी चाचणीची मागणी केली. कक्षाने ती मान्य केली. पर्यायी चाचणी म्हणजे आपली माती प्रमाणित शुद्ध मातीशेजारी ठेवून नुसत्या डोळ्यांनी तुलना. प्रमाणित शुद्ध माती कक्षाच्या स्थापनेच्या वेळी एका बरणीत भरून ठेवली होती. ती बरणी कपाटात होती, पण रिकामी. चौकशीत निष्पन्न झालं की साहेबांच्या खोलीतल्या कुंडीला माती कमी पडली होती, तेव्हा ती तिकडे गेली. त्यामुळे तुलना कुंडीतल्या मातीशी करण्यात आली. साहेब गेली नऊ वर्षं उरलेला चहा त्या कुंडीत ओततात. आमची माती नापास झाली. शेऱ्यात लिहिलं होतं, 'प्रमाणित शुद्ध मातीस असणारा रंग, चिकटपणा व मुंग्या यांचा अभाव.'

एव्हाना ढिगाला अडीच महिने झाले होते आणि ताडपत्रीच्या फटीतून टोमॅटोचं एक रोप वर आलं होतं. त्याला फळंही धरली. हा पुरावा मी निरीक्षकांपुढे ठेवला. त्यांनी रोप कौतुकाने न्याहाळलं, पण मातीत काही उगवतं की नाही असा रकाना कोणत्याच फॉर्ममध्ये नव्हता. रोपाची नोंद त्यांनी 'विनापरवाना ताबा' या सदरात केली.

मी पेटलो होतो. रोज संध्याकाळी छापखान्यातून आलो की अर्ज लिहायला बसायचो. बायको म्हणायची, जेवून तरी घ्या. मी म्हणायचो, बाबांसाठी चाललंय सगळं. पाच वाजता पलीकडच्या खोलीत बाबा टेप हलवायचे. चार महिन्यांत टिकटिक्याने काठी घेतली होती आणि बाकावर बसताना आता त्याला दोनदा थांबावं लागत होतं. बाबांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही हातशिलाई करता करता, मान वर न करता.

सुटका केली ती शेवटी बाबांनीच. निरीक्षक सहाव्यांदा आले होते. पायांत पिशव्या घालून, पायरीवर बसून चहा घेत होते. बाबांनी सहज विचारलं, "साहेब, नमुन्याला नेलेली माती धुण्यापुरती घेऊन उरली, तर त्या उरलेल्या मातीचं तुम्ही काय करता?"

"ती माती राहत नाही काका. एकदा पिशवीत भरली, सील केली, क्रमांक टाकला की तो अभिलेख होतो. कागदपत्रांसारखाच."

"मग तो संशयित?"

निरीक्षकांनी कप खाली ठेवला. बॅगेतून नियमांचं पुस्तक काढून दहा मिनिटं चाळलं. "नाही," ते म्हणाले. "अभिलेखावर संशय घेण्याची तरतूद नाही."

"आणि ठेवता कुठे?"

अभिलेखागाराचं छत मागच्या वर्षी खचलं होतं, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून नमुने अर्जदारालाच परत देतात, दहा वर्षं जपायला. अटी तीन. ते अर्जदाराच्या आवारात असावेत, हलणार नाहीत असे एकावर एक घट्ट रचलेले असावेत आणि पाण्यापासून सुरक्षित झाकलेले असावेत. मिस्त्री तेव्हा ढिगाशेजारी उभे होते. त्यांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. मी पुस्तक मागून घेतलं. नमुना किमान पाच किलोचा असावा, असं कलम होतं. जास्तीत जास्त किती, हे कुठेच नव्हतं. एका अर्जदाराने नमुने किती द्यावेत, याचाही उल्लेख नव्हता. एवढी मोठी चूक दिसूनही मी ती दुरुस्त केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

बाबांनी हातमशीन मांडीसमोर घेतलं. दुकानातल्या उरलेल्या जाड कापडाच्या पिशव्या शिवायला सुरुवात केली. आठ दिवसांत शहाण्णव पिशव्या झाल्या, दुहेरी शिलाईच्या, प्रत्येकीवर क्रमांकासाठी खिसा. इतकं खूश मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी प्रत्येक पिशवीत पंचवीस किलो माती भरली. निरीक्षकांनी शहाण्णव सीलं लावली, शहाण्णव सह्या केल्या आणि ढीग सरकारदरबारी संपला. प्रयोगशाळेने प्रत्येक पिशवीतून एक चमचा घेतला, धुतला, शहाण्णव शुद्ध शेरे दिले आणि गाडीभर अभिलेख जपणुकीसाठी आमच्या दारात आणून उतरवले.

मिस्त्रींनी ते पायऱ्यांच्या शेजारी, दोन बुटक्या भिंती घालून त्यांच्यामध्ये, उतरत्या क्रमाने रचले, घट्ट बसावेत म्हणून धुमसाने ठोकले आणि पाण्यापासून सुरक्षित राहावेत म्हणून वर सिमेंटचा थर दिला. काम बरोबर दोन दिवसांत झालं. उतार असा देखणा झाला की काकूही बघायला आल्या. मिस्त्री जाताना एवढंच सांगून गेले की उतरताना आणि चढताना खुर्चीला मागून माणूस हवा. बायको बहिणीच्या बाळंतपणासाठी दोन आठवडे जाणार होती. निघताना तीही तेच म्हणाली. मी म्हटलं, हे काय सांगायला हवं?

बातमी पसरायला वेळ लागला नाही. छापखान्यातली मंडळी उतार बघायला आली. प्राध्यापक त्यांच्या मित्रांना घेऊन आले. मी प्रत्येकाला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायचो, लाल शाईपासून कुंडीतल्या मुंग्यांपर्यंत, आणि लोक पोट धरून हसायचे. मग एका साप्ताहिकाच्या संपादकांनी, हे लिहूनच द्या, म्हटलं. सरकारी दिरंगाईने एका वृद्धाला चार महिने घरात कसं डांबून ठेवलं, यावर लेख हवा होता. मी लिहायला बसलो. लेख चांगला व्हायचा तर तो घाईत होत नाही. तुम्ही आत्ता वाचताय तो हाच.

लिहिता लिहिता दारावरची घंटा वाजली. निरीक्षक होते, अभिलेखांच्या पहिल्या तपासणीसाठी. मी त्यांना आत बसायला सांगितलं, पण त्यांना आधी काम उरकायचं होतं. ते पिशव्या चढवून उतारावर चालले, मध्ये उकिडवे बसले, भिंग काढून सिमेंट वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बॅगेवर कागद ठेवून बराच वेळ लिहीत राहिले. बाबा उंबऱ्याच्या आत खुर्चीत होते. शर्ट इस्त्रीचा, केस विंचरलेले.

"अभिलेख सुस्थितीत आहेत," निरीक्षक म्हणाले. "फक्त एक नोंद करावी लागली. तुम्ही वाचून सही करा."

मी कागद घेतला. चूक सापडते का, हे सवयीने पाहिलं. एकही नव्हती. लिहिलं होतं, 'बांधकाम पूर्ण होऊन अकरा दिवस झाले. उतारावर चाकांची एकही खूण आढळली नाही. वापर न झाल्याचे कारण अर्जदाराने नमूद करावे.' त्याखाली चार ओळींची जागा मोकळी होती.

मी म्हणालो, लेखाचं काम चाललंय, दोन दिवसांत संपेल. निरीक्षकांनी समजूतदारपणे मान हलवली. कारण लिहायला सात दिवसांची मुदत असते, असं सांगितलं. मग घड्याळ पाहिलं. पाच वाजत आले होते.

"काका, माझी सुट्टी झाली," ते बाबांना म्हणाले. "बसच्या थांब्याकडेच निघालोय. बाक वाटेतच लागतो. येताय?"

 बाबांनी चाकांचा ब्रेक काढला. निरीक्षकांनी पायांतल्या पिशव्या काढून खिशात कोंबल्या, फाटकापाशी जाऊन बूट घातले, परत येऊन खुर्ची मागून धरली आणि दोघं हळूहळू उतार उतरले. खिडकीतून मला ते बाकापर्यंत जाताना दिसले. टिकटिक्या काठी टेकून उभा राहिला होता.

मी टेबलाशी परत आलो. लेखाची शेवटची ओळ तेवढी राहिली आहे, आणि त्या कागदावरच्या चार ओळी. लेखाचं होईल काहीतरी. पण कारणाच्या रकान्यात काय लिहावं, ते सुचत नाही. तुम्हाला माहीत असेल तर कृपया कळवा. तुमच्याकडे एखादं असणारच, कारण तुम्हीही इतका वेळ हे वाचतच बसलात, आणि तुमच्याही पलीकडच्या खोलीत कोणीतरी कपडे करून बसलेलं आहे.